मागच्या बाजूची पोर

त्या गाण्याच्या सुरुवातीला पाणी वाजतं. गेल्या पंचवीस वर्षांत खानदेशात ज्यांनी कुणी हळदीत किंवा वरातीत पाय हलवले असतील, त्यांच्या कानात ते पाणी बसलेलं आहे. आधी पत्र्यावर धार पडल्याचा घुमारा, मग हळूहळू चढत आणि बारीक होत जाणारा आवाज, तो टोकाला पोचला की एका पोरीची हाक, 'व माय!', आणि त्यावर ढोल. धंद्यातले लोक मला अजून विचारतात, "भाऊ, ते पाणी कसं बनवलं तुम्ही?" मी हसतो. हसलं की लोक समजून घेतात, कारागीर आपलं गुपित सांगत नसतो.

ते पाणी मी बनवलेलं नाही. धुळ्यातल्या एका घरात एका बाईचं पत्र्याचं पिंप भरत होतं, त्याचा तो आवाज आहे. बाई घरात नव्हत्या. मी होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आता मुलीचं लग्न झालं, अंगावर काही उरलं नाही, तरी हे एक उरलंय. म्हणून लिहितो.

मी मूळ जळगावचा. वडील डाळ मिलमध्ये होते. मला मशीनपेक्षा आवाजाचं वेड, म्हणून चोविसाव्या वर्षी धुळ्याला एका कॅसेटच्या दुकानात लागलो. गिऱ्हाईक गाण्यांची यादी द्यायचं, आम्ही कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायचो. मागच्या खोलीत अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून मालकानं एक स्टुडिओ केला होता. त्यात जुन्या अहिराणी गाण्यांवर नवीन ठेके चढवायचं काम मी शिकत होतो.

राहायला खोली मिळाली ती एसटी स्टँडच्या मागच्या वस्तीत, अक्कांच्या घरात, माडीवर. अक्का उंच, सडपातळ, पांढऱ्या साडीला बोटभर निळी किनार. उजवा हात सतत गळ्याशी, जणू तिथं काहीतरी सुटं आहे नि पडेल. लग्न केलेलं नव्हतं. पुढच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती आणि तिच्या खाली, क्रोशाच्या रुमालाखाली, सुटकेससारखा बंद होणारा जुना रेकॉर्ड प्लेअर. पहिल्या दिवशी मी "जयभीम अक्का" म्हटलं, तर त्यांनी मान हलवली आणि अगदी कुजबुजत, ओठ हलले न हलले असं विचारलं, "कुठली गाडी?"

मला कळेना. मग कळलं. अक्का माणसाला नावानं ओळखत नसत, गावानं ओळखत. मी 'जळगाव'. दूधवाला 'पिंपळनेर'. शेजारची नर्सबाई 'भडगाव', ती तर त्यांची भाचीच होती, पण भाचीलाही भडगावच. मला यायला उशीर झाला की जिन्याखालून कुजबुज यायची, "जळगाव लेट शे का आज?"

याचं कारण त्यांची नोकरी. धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवरून गाड्या पुकारायचं काम त्या तीस वर्षं करत होत्या. 'साक्री, दहिवेल, पिंपळनेरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.' तो आवाज आमच्या घरापर्यंत स्वच्छ यायचा. घट्ट, गोल, कुठल्याही जातीचा नाही, गावाचा नाही, वयाचा नाही. आणि संध्याकाळी तीच बाई दारातून आत आली की आवाज गायब. घरात अहिराणी आणि तीही कुजबुजत. मी एकदा विचारलंही, "अक्का, घरात मोठ्यानं का नाही बोलत?" म्हणाल्या, "तो ऑफिसना आवाज शे. घर आनाना नही."

तो आवाज घरी एकदाच आलेला मी ऐकला. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि आलं की वस्तीत युद्ध. एका सकाळी दोन बायका हंड्यांनी एकमेकींना मारायच्या बेतात होत्या. अक्का दारात आल्या, गळ्यावरचा हात काढला, आणि स्टँडवरचा आवाज गल्लीत उतरला, "नळावरील महिलांनी कृपया लक्ष द्यावे. सर्व हंडे रांगेत लावावेत. रांग मोडून पुढे आलेल्या हंड्याची जबाबदारी नळावर राहणार नाही." दोघी हंडे खाली ठेवून उभ्याच राहिल्या. एकीनं तर सवयीनं पिशवी शोधली म्हणतात. आठवडाभर वस्ती हसत होती. अक्का मात्र आत जाऊन कोमट पाणी पीत बसल्या, काहीतरी सांडल्यासारखा चेहरा करून.

दुसरी गोष्ट हाकेची. अक्कांना हाक मारली की त्या ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी हाक गेली की आतून बारीक "ओ" यायचा. भाचीनं मला आधीच सांगितलं होतं, "भाऊ, तीनदा हाक मारायची. बहिरी नाही ती, मोजते." आमच्या भागात जुनी माणसं हे पाळतात. जे आपलं नाही ते एकदा बोलावतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा त्याला बोलावता येत नाही. तिसरी हाक फक्त जित्या माणसाची.

मी चिडवलं होतं, "अक्का, तुम्ही बुद्धाला मानता आणि भुताला पण?"

"भूत-बित काही नसतं," त्या कुजबुजल्या, अगदी शाळेतल्या बाईसारख्या. मग थांबून, "पन पहिली हाकले ओ देवानी नही. मी एकदा दिधी व्हती."

कधी, कुणाला, ते त्या दिवशी सांगितलं नाही.

त्यांची सुटी बुधवारी असे. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या बुधवारी मला ताप होता, म्हणून दुपारी खोलीवरच पडलो होतो. उन्हानं पत्रा तडतडत होता. आणि खालून एका पोरीचं गाणं यायला लागलं. इतकं बारीक की आधी वाटलं कानातच काहीतरी आहे. शब्द होते, सूर होता, मागे बहुतेक गिटार पण होती, पण सगळं सुईच्या टोकाएवढं. एखाद्या मुलीला पेटीत घालून झाकण लावलं आणि ती आतून गात राहिली, तर कसं येईल, तसं. मी जमिनीला कान लावला. घरात दुसरं कुणी नाही हे मला माहीत होतं.

उतरून खाली गेलो. दार उघडं होतं. अक्का जमिनीवर बसल्या होत्या, गाल जवळजवळ रेकॉर्डला टेकलेला. तबकडी फिरत होती आणि आवाजाची खुंटी शून्यावर होती. मी या धंद्यातला असून हे कधी ऐकलं नव्हतं. स्पीकर बंद ठेवला तरी सुई स्वतः गाते. खाचेत घासताना जेवढं थरथरते तेवढंच, अगदी पातळ. अक्का ते ऐकत होत्या. गाणं संपलं, त्यांनी सुई उचलली, रुमालानं तबकडी पुसली नि पाकिटात घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झाय. आते पुढला बुधवार."

"मोठ्यानं का नाही लावत?"

"ती लाजस."

*

हळूहळू कळलं ते असं. अक्का एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे मामा एका गायन पार्टीत बेंजो वाजवत. पार्टीतल्या मुख्य गायकाचं एक लग्नातलं गाणं मुंबईच्या कंपनीनं रेकॉर्डवर घ्यायचं ठरवलं. छोटी तबकडी, एका बाजूला एकच गाणं. मामांनी भाचीला मुंबई दाखवायला सोबत नेलं. लग्नाचं गाणं झालं. मागच्या बाजूला त्याच गायकाचं दुसरं गाणं घ्यायचं होतं, तर त्याचा घसा बसला. काचेपलीकडचा साहेब घड्याळ बघायला लागला. म्हणाला, मागची बाजू कोण ऐकतं? कुणीही गा. मामांनी एक गाणं जुळवून ठेवलेलं होतं, सिनेमातल्यासारख्या चालीचं, गिटार आणि काँगोवर. शब्द मात्र भलतेच. अंधारात एक मुलगी आईला हाक मारून सांगते,

'व माय! दिवा नको लावू, माले अंधारमा दिसस,
दारमा उभं शे कोन, ते माले बलावस.'

ते गाणं येत होतं फक्त भाचीला. तिला माइकसमोर उभं केलं. खोलीत पंखा बंद, दिवा एकच, काचेपलीकडे माणसं सावल्यांसारखी. आणि कुठून ते दिसेना असा एक आवाज आला, तिच्या नावानं, 'हं, गा.'

"मी पहिली हाकले ओ दिधी," अक्का म्हणाल्या. "आणि गाई टाकं."

तीन मिनिटं. एकदाच. लग्नाचं गाणं गावोगावच्या मांडवात भोंग्यावरून वाजलं. भोंगेवाल्यानं तबकडी कधी उलटली नाही, उलटायला त्याला वेळच नसायचा, पुढची तबकडी हातात तयार. तबकडीच्या पुढच्या बाजूला पाच माणसांची नावं आहेत. मागच्या बाजूला गाण्याखाली 'आणि पार्टी' एवढंच.

गावी परत आल्यावर अक्का पुन्हा गायला गेल्या, तर गाणं येईना. बोलणं यायचं. सूर लावला की नुसती हवा. घसा तपासला, काही नव्हतं. "ती तठेच राही गई," त्या म्हणायच्या, आणि हे सांगताना त्यांच्या तोंडावर दुःख नसायचं, शेजारच्या मुलीची ख्यालीखुशाली सांगावी तसं सांगायच्या. ती तिकडे राहिली. एकोणीस वर्षांची आहे. लाजाळू आहे. तिला गर्दी आवडत नाही. आठवड्यातून एकदा भेटायचं, जास्त नाही, कारण प्रत्येक खेपेला सुई तिला थोडं खाते. "सुईले भूक शे," असं त्या मला समजावून सांगायच्या. मला, जो हाच धंदा करत होता.

मी हे ऐकून हसायचो का? समोर नाही. पण दुकानात सांगायचो, आणि तिथं हसायचो.

एक प्रसंग असा आहे की ज्याचं मला आजही उत्तर नाही. उन्हाळ्यात अक्कांना सपाटून ताप आला. रजा टाकून त्या घरी पडल्या होत्या. मी डोक्यावर पाण्याची पट्टी ठेवत होतो. भर दुपारी खिडकीतून स्टँडवरचा आवाज आला. अक्कांचाच. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' मी दचकलो. अक्कांचे डोळे मिटलेले होते, ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, तर सहज म्हणाल्या, "कॅसेट शे. दिवाळीनी गर्दीसाठे भरी ठेयेल व्हती." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनीच उशीवरून मान वळवली. "पन पिंपळनेर अर्धा तास लेट शे असं सांगं ना तिनी? ते कॅसेटले कसं समजनं?"

मी स्टँडवर जाऊन विचारू शकलो असतो. शंभर पावलांवर होतं. गेलो नाही.

*

अक्कांनी मला घराची किल्ली दिली ती पाण्यासाठी. त्या दिवसभर ड्यूटीवर, नळाची वेळ ठरलेली नाही, आणि माझं दुकान जवळ. पाणी आल्याचा गल्लीत गलका झाला की मी जायचं, नळाला पाइप लावायचा, पिंप भरायचं, झाकण ठेवायचं. धुळ्यात माणूस किल्ली देतो म्हणजे काय देतो, हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. "जळगाव, पिंप भरी ठेव. बाकी कशाले हात नको लावू," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बाकी म्हणजे काय, हे मला न विचारता कळलं होतं.

त्या वर्षी मालक मागे लागला होता. सगळे तीच तीच गाणी घेऊन ठेके चढवत होते. "कुणी न ऐकलेलं आण. मग तुझं नाव लावतो कॅसेटवर." नाव. चोवीस-पंचवीसचा होतो. वडिलांचं नाव मिलच्या हजेरीशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. कुणी न ऐकलेलं गाणं माझ्या खोलीखालीच होतं.

एका मंगळवारी सकाळी दहाला मी टेप आणि माइक पिशवीत घालून खाली गेलो. पाणी आलेलं नव्हतं. म्हणजे जायचं काही कारण नव्हतं. अक्कांचा प्लेअर जुना, त्यातून तार बाहेर काढायची सोय नाही. खुंटी फिरवून आवाज मोठा केला आणि स्पीकरसमोर माइक धरला. इतक्या वर्षांनी ती पोर त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं गायली. काय आवाज होता! कोवळा, पण कुठंतरी आतून थंड. ती आईशी बोलत होती, आणि तरी वाटत होतं की दारातल्या त्या दुसऱ्याला ऐकू जावं म्हणून बोलतेय.

पहिली खेप उत्तम झाली. फक्त 'बलावस' या शब्दावर सुई उडाली. तिथं खाचेत काहीतरी होतं. दुसऱ्या खेपेला पुन्हा तिथंच. मग मी दुकानात सगळे करतात तेच केलं. चार आण्याचं नाणं सुईच्या डोक्यावर चिकटपट्टीनं बसवलं. वजनानं सुई उडत नाही. वजनानं सुई खाच खरवडते, हेही आम्हाला माहीत असतं, पण दुकानातल्या तबकड्या कुणाच्या नसतात. आता सुई उडेना, तर बाहेरून रिक्षा वाजली. पुढच्या खेपेला कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग भंगारवाला. मी लावत गेलो. किती वेळा लावलं ते मला नीट माहीत आहे. अकरा वेळा. अक्कांच्या मापानं अडीच महिने, आणि वर ते वजन.

अकराव्या वेळेला गल्लीत गलका झाला, पाणी आलं. मी धावत जाऊन पिंपात पाइप सोडला, परत येऊन थांबलो, आणि पिंप भरून पाइप बुडाला, आवाज दबला तशी सुई ठेवली. टेप चालूच होता. ती खेप सगळ्यांत स्वच्छ निघाली. फक्त आधी पिंप भरल्याचा आवाज त्यात राहिला. मी मालकाला म्हटलं, हे काढता येत नाहीये. मालकानं दोनदा ऐकलं आणि टाळी वाजवली. "काढतो कशाला? अरे, पाणी आल्याच्या आवाजावर धुळ्यात कोण नाचणार नाही?"

दोन महिन्यांत ते गाणं सगळीकडे पसरलं. कॅसेटवर माझं नाव होतं. गाण्याखाली मी लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

मी ती खेप भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, अक्कांनी रेकॉर्ड लावली. मी माडीवर जमिनीला कान लावून बसलो होतो. खालून गाणं आलं नाही. खर्र असा आवाज तीन मिनिटं आला आणि थांबला. मग अक्कांनी पुन्हा लावली. एकाच दिवशी दुसऱ्यांदा लावलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पुन्हा खर्र. 'आजारी असेल' असं काहीतरी स्वतःशी म्हणाल्या.

गाणं पसरल्यावर एका रविवारी आमच्या गल्लीतून वरात निघाली. भर दुपार, गाडीवर भिंतीएवढे स्पीकर, पुढे पोरं. अक्का दारात तांदूळ निवडत उभ्या होत्या, सूप हातात. मी शेजारीच होतो. गाणं सुरू झालं. पत्र्यावर पाण्याची धार. आवाज चढायला लागला. अक्कांनी मान वळवली आणि आत, घरातल्या पिंपाकडे बघितलं. पिंप कोरडं होतं, त्या दिवशी पाणी नव्हतं. आणि मग स्पीकरमधून ती हाक आली, अख्ख्या गल्लीवर.

'व माय!'

"ओ!" अक्का म्हणाल्या.

पहिल्या हाकेला. मोठ्यानं. स्टँडच्या आवाजात नाही, कुजबुजत नाही, तिसऱ्याच कुठल्या तरी आवाजात. लेकरू पडल्यावर आई जशी ओ देते. सूप हातातून सुटलं. शेजारच्या बायका हसल्या, "अक्कानी ओ दिधी! नवरदेवले ओ दिधी अक्कानी!" ढोल सुरू झाले होते, पोरं तांदळावरून नाचत गेली. अक्का तशाच उभ्या, गळ्यावर हात नाही, दोन्ही हात समोर पसरलेले.

सोमवारी त्या ड्यूटीवर गेल्या, माइक चालू केला, आणि आवाज आला नाही. स्टँडवरच्या एका कंडक्टरनं मला सांगितलं, पाच मिनिटं स्पीकरवर नुसता श्वास ऐकू येत होता, लोक वर बघत उभे होते. डॉक्टरनं घसा पाहिला, काही नव्हतं. निवृत्तीपर्यंतचे राहिलेले महिने त्यांनी पासच्या खिडकीवर बसून काढले. स्टँडवर दुसरी मुलगी आली. घरातली कुजबुज तेवढी शिल्लक राहिली.

त्याच सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. मी जिन्यावर होतो, त्या खाली.

"जळगाव, कोनी काढं तिले?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही, अक्का. जुन्या रेकॉर्डी आपोआप जातात. हवेनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा त्या दारातच होत्या. पुन्हा तेच, त्याच शब्दांत. "कोनी काढं तिले?" मी म्हणालो, "खरंच माहीत नाही."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत होतो. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. मी रोज दाराजवळच्या खुंटीला अडकवायचो ती किल्ली त्यांनी काढली. मला वाटलं, आता परत घेतात. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. "आज पानी येवानं शे. पिंप भरी ठेव."

पिंपाचा आवाज त्यांनी गल्लीत ओळखला होता. नळाच्या वेळी घरात कोण असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

मी दीड महिन्यात जळगावला परत आलो. निघायच्या दिवशी बुधवार होता. अक्कांनी मला आत बोलावून रेकॉर्डजवळ बसवलं आणि बोटानं खूण केली, कान लाव. मी गाल खाली नेला. खर्र, खर्र, बाकी काही नाही. नाण्यानं काही ठेवलं नव्हतं. वर पाहिलं तर अक्कांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. आणि जिथं 'बलावस' येतं, तिथं त्या क्षणभर थांबल्या, उडाल्यासारख्या, मग पुढे गेल्या.

"उनी ती परत," त्या कुजबुजल्या. तोंडावर हसू होतं. "पन म्हातारी व्हई गई. आते मनाइतली, मना वयनी शे."

*

त्या गाण्यावर माझं सगळं उभं राहिलं. जळगावात स्टुडिओ झाला, लग्नाच्या साउंडची गाडी झाली, घंटागाडीवर कचऱ्याची सूचना वाजते तीही मीच भरलेली आहे. ती भरताना आवाजासाठी आलेल्या मुलीला मी चार वेळा थांबवलं. हवा होता तसा आवाज तिचा नव्हता. कुणाचा हवा होता, ते तिला सांगता आलं नाही.

या उन्हाळ्यात मुलीची हळद होती. पोरांनी बापाचं गाणं म्हणून तेच लावलं, मला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसून मी पाणी ऐकत होतो. धार पडते, आवाज चढतो. पिंप भरल्यावर पाइप काढून झाकण ठेवायचं राहिलं होतं, हे मला तिथं वर आठवलं. त्या दिवशी पाणी ओसंडून पुढच्या खोलीभर झालं होतं, आणि अक्कांनी येऊन ते पुसलं होतं.

लग्न आटोपल्यावर मी पहिली खेप शोधून काढली. सुई उडते ती, नाण्याआधीची, पाण्याआधीची. ती कॅसेट मी कधी फेकली नव्हती, कधी लावलीही नव्हती. घेऊन भडगावला गेलो. अक्का आता ऐंशीच्या पुढे, भाचीकडे असतात. गिरणा नदीच्या बाजूला घर आहे. भाची फाटकातच भेटली, बाजाराला निघाली होती. तिनं मला ओळखलं. "भाऊ, कित्ती वर्षांनी! जा ना, आत आहे ती. कुणाशी बोलत नाही आता. पण तीनदा हाक मारा, मग देते ओ. तेवढं नाही विसरली."

ती गेली. मी दारासमोर उभा राहिलो. दुपार होती, बुधवार होता, हे मी ठरवून केलं नव्हतं. पडद्यामागून आवाज येत होता. खर्र, खर्र, बारीक.

"अक्का," मी हाक मारली.

खर्र चालूच राहिली.

"अक्का."

आत सुई उचलल्याचा आवाज आला. टक. मग काहीच नाही. पडद्याखाली पांढऱ्या साडीची निळी किनार दिसत होती आणि तिच्याखाली दोन पावलं, दाराकडे वळलेली. त्या मोजत होत्या.

किनार हलली नाही. तोंड उघडलं होतं मी. मग कॅसेट खिशात घालून, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन फाटकाबाहेर आलो. पहिली-दुसरी हाक मारून निघून जाणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मी अक्कांना तिसरी हाक देणं लागतो. आणि त्यांनी ओ दिली की त्यानंतरचं एक वाक्य: 'अक्का, ती पोर मी काढली.'